गाडी घसरली म्हणे

परवा नातू घरभर फेऱ्या मारत इतिहास पाठ करत होता. पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा. साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद, शस्त्रस्पर्धा, गुप्त करार, आणि मग वेगळं हेडिंग, तात्कालिक कारण, साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या राजपुत्राची हत्या. मी शाळेत असताना हेच पाठ केलं होतं, शब्दसुद्धा तेच, म्हणजे मधे पन्नासच्या वर वर्षं गेली आणि या उत्तराला कुणी हात लावलेला नाही. मी त्याला सहज म्हणलं, अरे या सगळ्या उत्तरात माणूस एकच आहे आणि तो मेलेला आहे, बाकी सगळे 'वाद' आणि 'स्पर्धा', मग युद्ध केलं कुणी? तो म्हणाला आजोबा, पाच मार्काचा प्रश्न आहे, पाच मुद्दे लागतात.

बरोबर आहे त्याचं. पण माझ्या डोक्यातून जाईना, कारण मी चौतीस वर्षं रेल्वेत ऑपरेटिंगमधे काढली, त्यातली शेवटची बारा तेरा वर्षं अशी की कुठे डबा घसरला की रात्री अडीचला फोन यायचा आणि आम्ही निघायचो. आमच्याकडे चौकशीत 'अपघाताचं कारण' आणि 'जबाबदारी' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कारण म्हणजे रूळ तुटला, सांधा नीट लागला नव्हता, ब्रेक लागले नाहीत. आणि जबाबदारीत माणसं येतात, हुद्द्यासकट, आणि तीन पायऱ्यांत. प्रायमरी, सेकंडरी, आणि ब्लेमवर्दी, म्हणजे यांच्यामुळे झालं असं नाही पण यांनी पण जे करायला हवं होतं ते केलं नाही. नातवाच्या उत्तरात कारणांचा रकाना गच्च भरलेला आणि जबाबदारीचा कोरा.

मराठीत आपण म्हणतो 'गाडी घसरली'. पेपरात पण तेच, 'सहा डबे घसरले'. जशी काय गाडी स्वतःच केळीच्या सालीवर पाय देऊन पडली. इंग्लंडचे लॉईड जॉर्ज, जे १९१८ च्या डिसेंबरच्या निवडणुकीत जर्मनीकडून दमडी न् दमडी वसूल करायच्या गोष्टी करत होते, त्यांनीच पुढे १९३० च्या दशकात आपल्या आठवणींमधे लिहून टाकलं की सगळी राष्ट्रं घसरत घसरत त्या उकळत्या कढईत पडली. घसरली! वाचलं तेव्हा मला हसूच आलं, हा माणूस आमच्या जॉइंट नोटवर सही करायला एकदम फिट.

जॉइंट नोट म्हणजे काय ते सांगतो. डबा घसरला की जागेवर सगळ्या खात्यांचे सुपरवायझर जमतात, पी-वेवाला म्हणजे रुळांच्या खात्याचा, कॅरेजवाला, लोकोवाला, सिग्नलवाला, आणि ट्रॅफिकचा म्हणजे मी. सगळ्यात आधी शोधतात ती जागा, जिथे चाकाची कड रुळाच्या माथ्यावर चढली. त्याला म्हणतात पॉइंट ऑफ माउंट. मग चाक काही अंतर रुळाच्या डोक्यावरूनच चालत जातं, तिथे बारीक चरा उमटतो, आणि मग जिथे ते खाली पडतं तो पॉइंट ऑफ ड्रॉप. नवशिका माणूस जिथे स्लीपर फुटलेत तिथे जाऊन फोटो काढतो, जुना माणूस मागे मागे चालत जातो आणि चरा कुठून सुरू झाला ते बघतो. कारण पडलं तिथे काही नसतं, चढलं तिथे सगळं असतं.

आणि एकदा, कुठे ते सांगत नाही, एका यार्डात दोन वाघिणी, म्हणजे मालडबे, घसरल्या, कुणी मेलं नाही, पण पॉइंट ऑफ माउंट इतका स्वच्छ दिसत होता की लहान पोराने सांगितलं असतं चूक कुणाची. तरी सकाळपर्यंत भांडून भांडून शेवटी नोट अशी झाली की अनेक बाबींचा एकत्रित परिणाम, पाऊस, जुना रूळ, लोडिंग थोडं एका बाजूला. मी पण सही केली. कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना त्याच कँटीनमधे बसून वडा खायचा होता. हे आधीच सांगून टाकलं कारण पुढे मी युरोपातल्या बड्या लोकांना नावं ठेवणार आहे.

तर १९१४. २८ जूनला साराजेव्होत फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गावरीलो प्रिन्सिपने गोळ्या घातल्या. पोरगा १९ वर्षांचा. सकाळी त्याच्याच एका साथीदाराने बॉम्ब टाकला होता तो मागच्या गाडीखाली फुटला, आणि नंतर ड्रायव्हरने चुकीचं वळण घेतलं, गाडी नेमकी प्रिन्सिपसमोर थांबली, हे सगळं पिक्चरसारखं आहे म्हणून सगळे तेच सांगतात. पण सर्बियाचं काय ते बघायला हवं. पिस्तुलं चार आणि बॉम्ब सहा बेलग्रेडहून आले होते, आणि त्यामागे होता ड्रागुतिन दिमित्रियेविच उर्फ एपिस, हा सर्बियाच्या लष्करी गुप्तचर खात्याचा प्रमुख, साधा गुंड नव्हे. सीमेवरच्या सर्बियन अधिकाऱ्यांनीच पोरांना पलीकडे पोचवलं. पंतप्रधान पाशिच यांचं आणि या एपिसचं अजिबात पटत नव्हतं, पण स्वतःच्या खात्यातला माणूस आवरता आला नाही तर तुम्ही सुटता का? आमच्यात तरी नाही सुटत.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला माणूस, फ्रिडरिख फॉन विझनर. ऑस्ट्रियाच्या परराष्ट्र खात्याचा कायदेतज्ज्ञ अधिकारी. त्याला व्हिएन्नाने साराजेव्होला पाठवलं की जा, पुरावा बघ. अगदी आमच्यासारखंच काम. १३ जुलैला त्याने तार केली की सर्बियन सरकारला कटाची माहिती होती किंवा त्यांनी तो घडवला असं दाखवणारं काही मिळत नाही, पण हत्यारं बेलग्रेडहून आली आणि सर्बियन अधिकाऱ्यांनी मदत केली हे पक्कं. किती सरळ रिपोर्ट! जितकं दिसलं तितकंच लिहिलं. पण त्याची तार पोचायच्या सहा दिवस आधी, ७ जुलैला, व्हिएन्नात मंत्र्यांची बैठक होऊन ठरलं होतं की सर्बियाला अशा मागण्या पाठवायच्या ज्या मान्य होणारच नाहीत, म्हणजे युद्ध करता येईल. बैठकीत एकटा हंगेरीचा पंतप्रधान टिसा विरोधात होता, तोही १४ तारखेला वळला. निकाल आधी, चौकशी नंतर. असले केस मी पाहिलेत, साहेबाने आधीच ठरवलेलं असतं कुणाला चार्जशीट द्यायची.

आणि ७ तारखेला एवढी हिंमत आली कुठून, तर त्याच्या आदल्या दोन दिवसांतून. ५ जुलैला व्हिएन्नाचा दूत काउंट होयोस बर्लिनला पोचला, म्हाताऱ्या सम्राटाचं पत्र घेऊन. जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म याने पोट्सडॅमच्या राजवाड्यात जेवणानंतर सांगितलं की तुम्ही सर्बियावर काय कारवाई करायची ती करा, रशिया मधे पडला तरी जर्मनी तुमच्यामागे आहे, आणि उशीर करू नका. ६ तारखेला चॅन्सलर बेटमान-होलवेगने तेच पक्कं केलं. कैसर त्याच दिवशी बोटीतून नॉर्वेच्या सहलीला निघून गेला. याला म्हणतात कोरा चेक. आकडा न भरता सही करून दिली आणि स्वतः सुट्टीवर.

माझ्या हिशोबाने पॉइंट ऑफ माउंट इथे आहे, ५ ते ७ जुलै, पोट्सडॅम आणि व्हिएन्ना. २८ जूनला रुळावर दगड ठेवला गेला हे खरं, पण दगड चाकाखाली चिरडून गाडी पुढे गेली होती. आधीचे बाल्कनमधले पेचप्रसंग निभावले होतेच की. चाक मुद्दाम वर चढवलं ते या तीन दिवसांत. त्यानंतर जवळजवळ चार आठवडे ते रुळाच्या माथ्यावरून चालत राहिलं आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं, लोक समुद्रकिनारी सुट्टीला गेलेले.

बरं ऑस्ट्रियाने लगेच का नाही केलं काही? एक तर सैन्याचे कितीतरी लोक सुगीच्या रजेवर, कापणीला घरी गेलेले. दुसरं, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वांकारे आणि पंतप्रधान विव्हियानी २० ते २३ जुलै रशियात पाहुणे होते, ते परत बोटीत बसेपर्यंत थांबायचं ठरलं, म्हणजे दोघांना समोरासमोर बसून ठरवता येऊ नये. २३ जुलैला संध्याकाळी ६ वाजता बेलग्रेडमधे अल्टिमेटम दिलं, ४८ तासांची मुदत. ही वेळ कुणी ठरवली, कशी ठरवली हे बघितलं की 'घसरली' म्हणवत नाही मला. अहो ही तर टाईम टेबल लावून सोडलेली गाडी आहे.

सर्बियाने २५ तारखेला मुदत संपायच्या जेमतेम आधी उत्तर दिलं, पाशिच स्वतः घेऊन गेले, जवळजवळ सगळं मान्य, फक्त ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या देशात येऊन तपासात भाग घेणार ही सहावी अट नाही म्हणाले. ऑस्ट्रियाचा राजदूत गिझल सामान बांधून तयारच होता, त्याने संबंध तोडल्याच्या कागदावर सही केली आणि साडेसहाची गाडी पकडून निघून गेला! अर्धा तास! उत्तर धड वाचलं असेल का यावर मी रेल्वेवाला म्हणून एवढंच सांगतो की स्टेशनला पोचायला पण वेळ लागतो.

पुढे गंमत (गंमत कसली) अशी की २८ जुलैला सकाळी कैसरने सहलीवरून येऊन ते उत्तर वाचलं आणि कागदावर लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. फार तर बेलग्रेड ताब्यात ठेवा आणि बोलणी करा असं त्याने सुचवलं. कोरा चेक देणाराच म्हणतोय नको वटवू. पण त्याच्या चॅन्सलरने ते व्हिएन्नाला कळवायला रात्र केली आणि शब्द पण बदलले, आणि त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध जाहीर केलेलं होतं, तारेने. आणि ऑस्ट्रियाच्या सम्राटाची सही घेताना त्यांचा परराष्ट्र मंत्री बेर्कटोल्डने त्याला सांगितलं होतं की सर्बियन सैन्याने गोळीबार केलाय, जो झालाच नव्हता, नंतर जाहीरनाम्यातून ते वाक्य गुपचूप काढलं. आमच्याकडे याला खोटा मेमो म्हणतात, नोकरी जाते.

इथपर्यंत मला काही शंका नाही. पुढे रशिया येतो आणि तिथे खरं भांडण आहे.

रशियाने २६ जुलैपासून युद्धपूर्व तयारीचा काळ म्हणून एक प्रकार सुरू केला, म्हणजे जाहीर मोबिलायझेशन (लढाईसाठी सगळं सैन्य गोळा करणं) नाही पण रजा रद्द वगैरे. २९ जुलैला झारने सगळ्या सैन्याच्या मोबिलायझेशनवर सही केली. जनरल दोब्रोरोल्स्की ते कागद घेऊन रात्री तार ऑफिसात पोचला, तारा आता सुटणार, तेवढ्यात फोन आला की थांबवा. झारला कैसरची तार आली होती (हे दोघे नात्यातले, एकमेकांना इंग्रजीत तारा करायचे, विली आणि निकी) आणि त्याने हुकूम मागे घेतला. थांबलं! एवढ्या मोठ्या देशाचं मोबिलायझेशन एका फोनने थांबलं. मग दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्र मंत्री साझोनोव्हने झारला तासभर समजावून परत हो म्हणायला लावलं, आणि सेनाप्रमुख यानुश्केविच म्हणाला होता की एकदा हुकूम मिळाला की मी माझा टेलिफोनच फोडून टाकतो, म्हणजे परत रद्द करायला कुणी मला गाठू नये.

कंट्रोलमधे, म्हणजे जिथून गाड्या हलवतात त्या खोलीत, बसलेल्या माणसाला हे वाक्य वाचून काय होतं ते सांगता येत नाही. आमचं सगळं आयुष्य त्या फोनवर. गाडी थांबवायचा एकच रस्ता तो, आणि हा बाबा तोच फोडायच्या गोष्टी करतोय. म्हणून माझ्या लेखी रशिया सेकंडरीत नक्की जातो, मोठ्या देशांत सगळ्यात आधी पूर्ण मोबिलायझेशन त्यांचं.

आता गाड्यांचा विषय, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो. एक फेमस थिअरी आहे की पहिलं महायुद्ध रेल्वेच्या टाईम टेबलांनी घडवलं. सगळ्यांची मोबिलायझेशनची वेळापत्रकं इतकी घट्ट बसवलेली की एकदा बटण दाबलं की कुणाला थांबवता येईना. जर्मनीचं तर बघायलाच नको, एका आर्मी कोअरला (म्हणजे सैन्याच्या एका मोठ्या विभागाला) १४० गाड्या, ६,०१० डबे, आणि असे चाळीस कोअर. कोलोनच्या ऱ्हाइनवरच्या पुलावरून दर दहा मिनिटांनी एक गाडी. आपल्या मुंबईच्या लोकलला हे काही वाटणार नाही, पण ही लोकल नाही, यात घोडे आणि तोफा आहेत, उतरवायच्या आहेत, इंजिनाला पाणी घालायचं आहे. त्या माणसांना मी मनापासून सलाम करतो. चार्टवर इतके पाथ, म्हणजे एकेका गाडीची ठरलेली वाट आणि वेळ, काढणं म्हणजे खायचं काम नाही.

पण म्हणून टाईम टेबलाने युद्ध केलं? १ ऑगस्टला संध्याकाळी काय झालं बघा. लंडनहून जर्मन राजदूताची तार आली की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन बाहेर राहील असं दिसतंय. कैसर खूष, सेनाप्रमुख मोल्टकेला म्हणाला चला मग, सगळं सैन्य पूर्वेकडे फिरवा, रशियावर. मोल्टकेचं तोंड पांढरं पडलं. म्हणाला अशक्य, एकदा ठरलं ते बदलता येत नाही, सगळा गोंधळ होईल. कैसर म्हणाला तुझ्या काकाने मला वेगळं उत्तर दिलं असतं. (काका म्हणजे थोरला मोल्टके, १८७० चं युद्ध जिंकणारा.)

आणि इथे एन्ट्री माझ्या हिरोची, जनरल फॉन श्टाब्स, जर्मन सेनेच्या रेल्वे विभागाचा आधीचा प्रमुख. त्याला हे 'अशक्य' नंतर कळलं तेव्हा इतका अपमान वाटला की त्याने युद्ध संपल्यावर आख्खं पुस्तक लिहून, गाड्यांचे तक्ते आकडे देऊन दाखवून दिलं की १ ऑगस्टला सांगितलं असतं तर १५ ऑगस्टपर्यंत सातपैकी चार सैन्यं पूर्वेला पोचवता आली असती. काय माणूस आहे! देशाची बाजू गेली तेल लावत, माझ्या खात्याला बोल लावायचा नाही. मला अगदी आमचे जुने चीफ कंट्रोलर आठवले.

शिवाय त्याच संध्याकाळी एक तुकडी खरोखर थांबवली गेली. लक्झेंबर्गच्या हद्दीतलं एक छोटं स्टेशन, जर्मन सैनिकांनी सातच्या सुमाराला ते स्टेशन आणि तार ऑफिस ताब्यात घेतलं, आणि अर्ध्या तासात मागून दुसरे जर्मन आले की चूक झाली, चला परत. रात्री अकराच्या सुमाराला लंडनहून कळलं की राजदूताची समजायची चूक होती, आणि कैसर मोल्टकेला म्हणाला आता कर काय करायचं ते. म्हणजे थांबवता येत होतं. पीटर्सबर्गमधे एका फोनने थांबलं, लक्झेंबर्गमधे एका निरोपाने थांबलं. आणि पूर्वेकडे सैन्य नेण्याचा वेगळा आराखडा जर्मनीकडे होता, तो १९१३ नंतर अपडेट करणंच त्यांनी सोडून दिलं होतं. डायव्हर्जनचा पाथ चार्टवरून पुसून टाकायचा आणि ऐन वेळी म्हणायचं दुसरा मार्गच नाही. तो पाथ कुणीतरी पुसला ना? पुसणाऱ्याला नाव असतं, हुद्दा असतो.

फ्रान्स आणि ब्रिटनवर जास्त लिहीत नाही. फ्रान्सच्या राजदूताने रशियाला घाबरू नका म्हणायच्या ऐवजी जरा घाबरा म्हणायला हवं होतं. ब्रिटनच्या एडवर्ड ग्रेने चार देशांच्या परिषदेचा प्रस्ताव दिला तो जर्मनीने उडवला हे खरं, पण आम्ही युद्धात उतरू की नाही हे त्याने २९ जुलैपर्यंत स्पष्ट केलं नाही, मंत्रिमंडळ आयर्लंडच्या भानगडीत अडकलेलं. ब्लेमवर्दी. सिग्नल वेळेत लाल केला नाही. पण बेल्जियममधे ४ ऑगस्टला घुसलं कोण, आणि त्याच दिवशी आपल्या संसदेत उभं राहून हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध आहे, हा अन्याय आम्ही नंतर भरून देऊ असं म्हणालं कोण, तर बेटमान-होलवेग स्वतः. आरोपीचा कबुलीजबाब आहे हो फाईलला.

मग एवढं असताना युद्धानंतरचा व्हर्सायचा तह इतका का चिघळला? २८ जून १९१९, साराजेव्होला बरोबर पाच वर्षं झाली त्या तारखेला सह्या झाल्या. कलम २३१. त्यात लिहिलंय की जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांच्या आक्रमणाने लादलेल्या युद्धामुळे जे नुकसान झालं त्याची जबाबदारी जर्मनी मान्य करते. गुन्हा हा शब्द त्यात नाही. अमेरिकन प्रतिनिधींनी लिहिलेलं ते कलम मुळात भरपाईच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आहे, आणि लगेच पुढच्या २३२ मधे म्हणलंय की सगळी भरपाई द्यायची जर्मनीची ऐपत नाही. असंच कलम ऑस्ट्रियाच्या तहात पण आहे, हंगेरीच्या पण, तिथे कुणी एवढा आरडाओरडा केला नाही.

आपल्याकडे रेल्वे अपघातात प्रवासी गेला तर क्लेम्स ट्रायब्यूनल भरपाई देतं आणि कायदा सरळ सांगतो की रेल्वेची चूक असो वा नसो, पैसे द्यायचे. चूक कुणाची ते दुसरीकडे, चौकशीत. दोन फायली, दोन टेबलं. कारण एकत्र केल्या की काय होतं, ज्याला पैसे द्यायचे नसतात तो चूकच नाकारत बसतो, आयुष्यभर. व्हर्सायला या दोन फायली एकाच पिनने टाचल्या. वर परत आरोपीला तोंडी चर्चा करू दिली नाही, लेखी द्या म्हणाले. जर्मन प्रतिनिधी ब्रोकडोर्फ-रान्टझाऊ खुर्चीत बसूनच बोलला, उठला नाही, आणि म्हणाला की दोष फक्त आमचाच अशी कबुली माझ्या तोंडून निघाली तर ते खोटं असेल. १९२१ मधे बिल लागलं १३२ अब्ज सुवर्ण मार्क. आणि मग जर्मनीने जी डिसेंट नोट, म्हणजे निकाल मान्य नसल्याची वेगळी नोट, लिहिली, बाप रे. परराष्ट्र खात्यात या विषयासाठी वेगळा विभाग, आणि १९२२ ते १९२७ मधे जुन्या कागदपत्रांचे चाळीस खंड छापले, आपली बाजू उजळ दिसेल असे. फ्रान्सने तर आधीच, युद्ध चालू असतानाच, आपल्या पिवळ्या पुस्तकात (सरकारने छापलेल्या कागदपत्रांच्या संग्रहात) रशियाच्या मोबिलायझेशनची तार वाढवून छापली होती, म्हणजे ऑस्ट्रियाने आधी केलं असं वाटावं. सगळ्यांनी रेकॉर्डला हात लावला. (त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० ला भरला. माझ्या रिटायरमेंटच्या आसपास!)

आणि १९५१ मधे फ्रेंच आणि जर्मन इतिहासकार एकत्र बसले आणि ठरवलं की कागदपत्रांवरून १९१४ मधे कुठल्याच सरकारला किंवा जनतेला जाणूनबुजून युरोपभर युद्ध हवं होतं असं म्हणता येत नाही. त्याच वर्षी दोन्ही देशांनी कोळसा आणि पोलादाचा करार केला होता. म्हणलं ना, त्याच कँटीनमधे वडा खायचा असतो. मग १९६१ मधे हॅम्बुर्गचे प्राध्यापक फ्रित्झ फिशर यांनी जर्मन कागदपत्रांतूनच दाखवलं की जर्मन नेतृत्वाने हा धोका डोळे उघडे ठेवून घेतला, तर त्यांच्याच देशात एवढा गदारोळ की १९६४ मधे त्यांच्या अमेरिकेतल्या व्याख्यानांचे पैसे सरकारने अडवले. आपल्याच खात्याविरुद्ध खरा रिपोर्ट देणाऱ्याचं काय होतं ते मला नका सांगू.

आपला यात संबंध काय? सही आपलीही आहे हो. व्हर्सायला भारताच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंग यांनी सही केली. जालियनवाला बागेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. म्हणजे जर्मनी दोषी या निकालपत्रावर भारत पंचांमधे, आणि १९१४ मधे याच भारताला युद्धात जायचं का हे कुणी विचारलंही नव्हतं, टिळक मंडालेहून सुटून पुण्यात येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने होत आले होते. आमच्या सासुरवाडीला, सातारा जिल्ह्यात, गावात संगमरवरी पाटी आहे, अशा पाट्या तिकडे खूप गावांत आहेत, या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यापैकी इतके कामी आले. आकड्यावर चुना बसलाय, वाचता येत नाही. सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे, गेली होती, मराठा पलटणी कुत-अल-अमारात पाच महिने वेढ्यात उपाशी राहिल्या आणि एप्रिल १९१६ मधे शरण गेल्या. पोट्सडॅमच्या जेवणाचा चरा इतका लांब आलेला आहे.

तर मी एका कागदावर आमच्या पद्धतीने निष्कर्ष लिहिला. देशांची नावं टाकली नाहीत, कारण 'ट्रॅफिक खातं जबाबदार' असं लिहिलं तर वरचा साहेब कागद परत पाठवतो, माणूस लिही म्हणतो. प्रायमरी: बेर्कटोल्ड, ऑस्ट्रियाचा सेनाप्रमुख कोनराड (हा १९१३ या एका वर्षात पंचवीस वेळा सर्बियावर युद्ध मागत होता, आणि त्याला अडवणारा मुख्य माणूस कोण, तर तोच मेलेला फ्रान्झ फर्डिनांड), बेटमान-होलवेग, कैसर, मोल्टके. सेकंडरी: साझोनोव्ह, यानुश्केविच, एपिस. ब्लेमवर्दी: पाशिच, प्वांकारे, ग्रे.

नातवाने बघितलं आणि म्हणाला अकरा नावं झाली, पाच मार्काला फार आहेत. मग तो कागद मी आमच्या एका सिग्नलच्या रिटायर्ड मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्याचं म्हणणं पॉइंट ऑफ माउंट ५ जुलै नाहीच, ३० जुलैची दुपार आहे, तोपर्यंत गाडी नीट रुळावर होती आणि यानुश्केविचला प्रायमरीत घ्या नाहीतर मी सही करणार नाही. सिग्नलवाल्यांनी ट्रॅफिकशी कधी एकमत केलंय! काल रात्री त्याची डिसेंट नोट आली, साडेतीन पानं, हाताने लिहून फोटो काढून पाठवलीत, दुसरं पान उलटं आलंय.